गोटीराम मार, उघडेल

नवी मुंबईतल्या बोनकोड्याच्या गोटीराम मढवीच्या नावावर काय काय आहे हे विचारू नका. काय नाही ते विचारा, म्हणजे उत्तर लवकर संपेल. तीन मजली इमारत त्याच्या नावावर, तिच्यातल्या भाडेकरूंचे मीटर त्याच्या नावावर, गॅसची टाकी, केबल, मुलाची मोटरसायकल, सुनेचा मोबाइल, इतकंच काय, घरच्या कुत्र्याला लस टोचल्याचं कार्डसुद्धा त्याच्या नावावर. सून नमिता ऑनलाइन कपडे मागवते तेव्हा पार्सलवाला जिन्याखालून ओरडतो, "गोटीराम कौन है? लेडीज कुर्ती, मीडियम!" आणि सत्तरी गाठलेला गोटीराम गच्चीवरून मिशीला हात लावत सांगतो, "मीच. वर आन."

यात हाव नव्हती. मढवींच्या घरातली ती रीतच होती. बाप बसलेला असताना पोरानं आपलं नाव पुढं करायचं नाही. नाव बदलायचं ते एकदाच, बाप गेल्यावर, तलाठ्याकडे वारस लावताना. त्याआधी पोरानं स्वतःच्या नावावर नुसता पंखा घेतला तरी गावात विचारणार, "काय रं, बाप कदी गेला?" त्यामुळे गोटीरामचा एकुलता एक मुलगा मितेश चाळिशीला आला तरी त्याच्या नावावर फक्त स्वतःचं लग्न होतं, आणि तेही नाइलाजानं.

एकच गोष्ट गोटीरामच्या नावावर कधी आली नाही. शेजारच्या पावणे गावातली जमीन. खाडीच्या अंगाला भात पिकायचं, मधोमध गोड्या पाण्याची विहीर होती. गोटीराम अर्ध्या चड्डीत होता तेव्हा सरकारनं ती कारखान्यांसाठी घेतली आणि त्याच्या बापाचं नाव तिच्यावरून निघालं. वर सांगितलं, पोराला कंपनीत लावू. बाप त्या शब्दावर मरेपर्यंत बसून राहिला. त्याच्यामागून गोटीराम बसला. त्या जागेवर आधी रंगाची कंपनी आली, ती गेली, मग बोल्टची आली, तीही गेली. प्रत्येक वेळी गोटीराम पांढरा सदरा घालून गेटवर जायचा, आणि प्रत्येक वॉचमन आतली यादी बघून तेच एक वाक्य ऐकवायचा: "यादीत नाव नाही."

पुढं खोल्या बांधल्या, भाडी सुरू झाली, लोक गोटीरामशेट म्हणू लागले. नोकरीची गरज संपली. त्या वाक्याचा राग मात्र संपला नाही, आणि का संपावा?

बोल्टच्या कंपनीनंतर त्या जागेवर आली वाटाण्याची कंपनी. मटार आणायचा, सोलायचा, गोठवायचा, पिशव्यांत भरायचा आणि कंटेनरमधून न्हावा शेव्याला बोटीवर चढवायचा. या कंपनीत मितेशला संगणकावर नोकरी लागली. गावात सांगायचे, "मढवीचा पोऱ्या वाटान्यात हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगा भाजीचा गाळा चालवतो.

आता थोडं संगणकाचं ऐकून घ्या, कारण खरा घोळ तिथंच आहे. अशा कंपनीत दरवाजा, वजनकाटा, प्रिंटर, गेट, यांपैकी कुणीही माणूस ओळखत नाही. ते सगळे एका संगणकाला विचारतात, "हा आपला आहे का? याला काय काय करू द्यायचं?" त्या संगणकावर जो प्रोग्रॅम असतो त्याला म्हणतात डिरेक्टरी सर्व्हर. त्यात सगळ्यांची नावं एकाखाली एक टांगलेली असतात आणि सगळ्यांत वरच्या नावाला सगळीकडं मुभा असते. मितेशनं हा सर्व्हर बसवला तेव्हा सर्व्हरनं पहिलाच प्रश्न टाकला: मुख्य कोण? मितेशच्या हातानं 'गोटीराम' टाइप केलं. डोक्याला विचारलंच नाही. आयुष्यभर जिथं नावाचा रकाना दिसला तिथं त्या हातानं हेच लिहिलं होतं. पत्ता मागितला, बोनकोडे टाकलं. फोटो मागितला, लग्नातला फेटा बांधलेला बाप चिकटवला.

इथपर्यंतही निभावलं असतं. पण त्या प्रोग्रॅमला एक भोक होतं. नाव बरोबर दिलं आणि पासवर्डची जागा कोरी सोडली, की सर्व्हर समजायचा, कुणी पाहुणा नुसता चौकशीला आलाय, आणि आदबीनं म्हणायचा, "हो हो." दरवाज्याला फक्त "हो" ऐकू यायचं. तो उघडायचा. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी भोक बुजवलेली नवी आवृत्ती काढली आणि जगभर सावधगिरीची सूचना पाठवली. मितेशला ती मिळाली, त्यानं ती वाचलीही. पण नवी आवृत्ती बसवायची म्हणजे सर्व्हर थोडा वेळ बंद करायचा, आणि तेवढ्यात कोल्ड रूमचे दरवाजे उघडे पडून वाटाणा वितळला तर? मटारचा हंगाम संपू दे, मग करू, असं तो दर हंगामात म्हणायचा.

तोवर माल पाठवणाऱ्या खात्यात कुणीतरी कंटाळून यादीतलं सगळ्यांत वरचं नाव टाकलं, पासवर्ड न टाकताच बटण दाबलं आणि दार उघडलं. मग काय! प्रिंटर अडला, गोटीराम. कोल्ड रूम उघडत नाही, गोटीराम. कंपनीच्या न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनर गेटवर अडला, गोटीराम. "पासवर्ड विसरलो यार" म्हणायची पद्धतच कंपनीतून गेली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी संडास कुठं आहे ते सांगायचे आणि दुसरं सांगायचे, "टेन्शन नको घेऊ. गोटीराम मार, उघडेल."

गोटीराम हे एका जिवंत माणसाचं नाव असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आलं ते एचआरच्या वैजयंती मॅडमच्या. त्या साताऱ्याकडच्या, शिस्तीच्या, आणि नव्या. त्यांना संगणकावर दिसलं की गोटीराम मढवी नावाचे एक वयस्क गृहस्थ रोज सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या नंतर जातात, रविवार पाळत नाहीत, आणि पावण्यात दार उघडतात त्याच क्षणी न्हावा शेव्यातही उघडतात. ही शेवटची गोष्ट त्यांना जरा खटकली. पण जुनी माणसं कष्टाळू असतात, असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली. मितेशचं आडनावही मढवीच, पण त्या पट्ट्यात मढवी गल्लोगल्ली असतात. पगार दिसत नव्हता, पण इतक्या वरच्या माणसाचा पगार आपल्याला कोण दाखवणार? आणि सगळी कंपनी ज्याच्या खाली टांगली आहे त्याच्याबद्दल मालकांकडे चौकशी करून आपली नवी नोकरी कोण धोक्यात घालणार?

वर्षाखेरीस बोनकोड्याला कंपनीची गाडी आली. तिच्यातून काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र उतरलं, "वर्षभरात एकही रजा न घेतलेले कर्मचारी श्री. गोटीराम मढवी". सोबत प्रेशर कुकर आणि गोठवलेल्या वाटाण्याची गोणी.

बायको गोजरा डोळे बारीक करून म्हणाली, "तुमी कदी गेलाव कामाला?"

"माजी जमीन तितंच बसली हाय ना?" गोटीराम म्हणाला. "ती कदी रजेवर गेली?"

त्याला काही म्हणजे काही नवल वाटलं नाही. उशीर झाला, पण दिलेला शब्द कुणीतरी पाळला, एवढंच वाटलं. त्यानं प्रशस्तिपत्र बापाच्या फोटोशेजारी लावलं, पेढे वाटले, वाटाणे वाटले. बोनकोड्यात घराघरांत उसळ, पुलाव आणि पुन्हा उसळ झाली. मितेश घरी आला तेव्हा बाप आपल्या बापाच्या फोटोला सांगत होता, "घेतला बघ मना कंपनीनं." मितेशला खरं सांगायचं धैर्य झालं नाही. तुमचंही झालं नसतं.

हे असंच चाललं असतं, पण कंपनीच्या परदेशी गिऱ्हाइकाला सुरक्षेची आठवण झाली. वाटाण्याला कसली आली सुरक्षा, असं आपण म्हणू. पण बाहेरचा कुणी संगणकातून शिरून कोल्ड रूम उघडी टाकू शकतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी तपासायला क्षिप्रा नावाची मुलगी पाठवली. तिनं पहिल्या सकाळी खुर्ची ओढली, सगळ्यांत वरचं नाव टाकलं, पासवर्ड टाकलाच नाही आणि बटण दाबलं. सगळी कंपनी तिच्यापुढं उघडी झाली. चहा यायच्या आतच.

"हे गोटीराम मढवी कोण?" तिनं विचारलं.

समोर मालक होते. ते धाकटे मालक. कंपनी त्यांच्या वडिलांनी काढलेली. त्यांना वाटलं, पप्पांनी कधीतरी नेमलेलं कुणी बडं माणूस असणार, आपल्यालाच माहीत नाही. त्यांनी वैजयंती मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी अभिमानानं सांगितलं, "आमचे आदर्श कर्मचारी."

क्षिप्रानं नियम सांगितला. उद्या संध्याकाळपर्यंत हा माणूस समोर हवा, त्याच्या संमतीनं त्याचं नाव निघायला हवं आणि भोक बुजायला हवं. झालं, तर अहवालात लिहीन, दुरुस्त झालं. नाही झालं, तर आहे तसं लिहीन, मग गिऱ्हाईक जाईल. मालक म्हणाले, "हे ज्यानं करून ठेवलंय तो सापडू दे, त्याला घरीच बसवतो." मितेश तिथंच उभा होता.

संध्याकाळी गच्चीवर त्यानं बापाला सगळं सांगितलं. सर्व्हर काय, भोक काय, हाताची सवय काय. गोटीराम ऐकत राहिला.

"म्हंजे कंपनीनं मना घेतलाच नाय?"

"नाय बाबा. मीच टाकलं तुमचं नाव."

"आनि ती शाबासकी?"

"पोरं तुमच्या नावानं आत जातात. मशीनला वाटतं तुमीच आलाव."

गोटीरामला वाईट वाटलं. गावभर वाटलेल्या पेढ्यांची आठवण होऊन त्याचे कान तापले. तो म्हणाला, "मंग आता?"

"उद्या येवा आनि सांगा, माजा नाव काढा."

"नाय सांगितला तर?"

"माजी नोकरी जाईल."

गोटीराम उठला आणि खाली गेला. सकाळी मितेश मोटरसायकल काढायला आला, तर बाप पांढरा सदरा घालून आधीच मागच्या सीटवर बसला होता.

गेटवर शिवा वॉचमन होता. मितेशनं स्वतःचं कार्ड लावलं आणि गाडी लावायला पुढं गेला. शिवानं म्हाताऱ्याला नाव विचारलं आणि ते संगणकात टाकलं. पडद्यावर फेट्यातला फोटो आला. शिवानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माणसाकडे, आणि टाचा जुळवून सलाम ठोकला. गेट आपोआप वर गेलं. ज्या जागी उभ्या आयुष्यात "यादीत नाव नाही" ऐकलं, त्या जागी गोटीराम क्षणभर नुसता उभा राहिला. सगळं खोटं आहे हे त्याला माहीत होतं. तरी छाती भरून यायची ती आलीच.

आत तर जत्राच. बातमी फुटली होती: गोटीराम आलेत, खरे. काम टाकून माणसं जिन्यात जमली. मालखात्यातल्या एकानं वाकून पाय धरले, "शेट, तुमच्यामुळं आमचा एकपण कंटेनर चुकला नाय." प्रिंटरवर बसणाऱ्या मुलीनं सेल्फी मागितला. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, पासवर्डपण विचारून घ्या," आणि सगळे हसले.

मालकांनी स्वतःची खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "काका, आमच्या पप्पांनी तुम्हाला काही शब्द वगैरे दिला होता का?"

"तुमच्या पप्पांनी नाय. सरकारनी," गोटीराम म्हणाला. मालकांनी एसी वाढवायला सांगितला.

क्षिप्रानं लॅपटॉप उघडला. "परवा सकाळी तुम्ही एकाच मिनिटात पावण्यात आणि न्हावा शेव्यात होतात. कसं काय?"

"हितं माजी जमीन. तितं माजी भैन दिलीय."

"चार नंबरची कोल्ड रूम तुम्ही सारखी उघडता. कुणाच्या परवानगीनं?"

गोटीरामनं खिडकीतून पाहिलं, अंदाज घेतला. "तितं आमची विहीर व्हती. पानी काढाला परवानगी कनाला?"

"आणि पासवर्ड ठेवला नाहीत?"

"घरच्या मानसाला कोन पासवर्ड इचारतो, बाय?"

क्षिप्राची बोटं थांबली. उत्तरं चुकीची होती, पण खोटी एकही नव्हती, आणि तिच्या रकान्यांत असल्या उत्तरांना जागा नव्हती. तिनं शेवटचं विचारलं, "हे नाव सर्व्हरवर टाकलं कुणी?"

मालक पुढं सरसावले.

"मीच सांगितला पोराला," गोटीराम म्हणाला. "आमच्या घरात सगला माज्या नावावर असतो. कुत्र्याची सुईपन."

क्षिप्रानं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा मितेशकडे. दोघांची नाकं एकाच साच्यातली. ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "माझ्या स्कूटरचा विमा अजून पप्पांच्याच नावावर आहे. ते राहू दे. आता नाव काढायला घ्या."

पण नाव निघेना. मितेश काढायला गेला, तर सर्व्हरनं ठणकावलं: याच्या खाली माणसं आहेत, आधी त्यांची सोय करा. म्हणजे अख्खी कंपनी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी नावाखाली न्यायला हवी. मालक म्हणाले, माझं टाका. क्षिप्रा म्हणाली, तसं चालत नाही, जो सर्व्हर सांभाळतो त्याचंच नाव हवं, उद्या काही झालं तर तोच जबाबदार.

म्हणजे मितेश. त्यानं हात उचलला आणि तो हात तसाच हवेत राहिला. रकाना समोर होता, कर्सर लुकलुकत होता. चाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येईना. वैजयंती मॅडमना वाटलं, काहीतरी तांत्रिक अडचण आहे.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचा काढून हितं माजा नाव टाकावा लागेल."

"मी जिता असताना?"

"हो."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. दोघांना कळलं. मितेशनं मान खाली घातली होती. बापानं नाही म्हटलं असतं, तर तो उठून घरी निघाला असता, यात शंका नाही.

गोटीराम खिडकीकडे बघत बोलला. "माज्या बापाचा नाव काढला तवा तो भातात व्हता. त्याला कोनी इचारला नाय. कागद आला तवा कलला." मग तो मितेशकडे वळला. "तू इचारतंस. टाक."

मितेशनं टाकलं. अक्षरं चुकली, पुसून पुन्हा टाकली. दुपारभर तो एकेका खात्याची माणसं बापाच्या खालून काढून स्वतःच्या खाली नेत राहिला आणि बाप शेजारी बसून, लग्नाच्या पंगतीत बघावं तसं, कोण कोण बसलं ते बघत राहिला. शेवटी गोटीरामचं नाव एकटं उरलं. ते निघालं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मग भोक बुजवलेली आवृत्ती चढली. सर्व्हर चहा निवेपर्यंत बंद राहिला. दरवाजे जागच्या जागी राहिले, एक वाटाणा वितळला नाही. ज्या भीतीपायी हंगामामागून हंगाम घालवले ती एवढीशी निघाली म्हणून मितेशला स्वतःचाच संताप आला.

क्षिप्रानं लिहिलं, दुरुस्त झालं. मालकांनी गोटीरामला निवृत्तीबद्दल शाल घातली, कारण काहीतरी घालायला हवं होतं. मितेशला अजून काम होतं, म्हणून खांद्यावर शाल घेऊन गोटीराम एकटाच गेटवर आला.

शिवानं पुन्हा टाचा जुळवल्या, नाव टाकलं, पासवर्ड सोडला आणि बटण दाबलं. गेट हललं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. मग तो ओशाळून म्हणाला, "काका, यादीत नाव नाही."

गोटीराम त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "आरं, तवा आत सोडीत नव्हतं," तो म्हणाला, "आता भायेर सोडीत नाय!"

"नावाशिवाय गेट वर जात नाही हो," शिवा काकुळतीला आला. "तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांचं टाकतो. कुणाचं टाकू?"

सवयीनं गोटीरामचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं त्याला एकच उत्तर माहीत होतं. ते ओठावर आलं आणि त्यानं गिळलं.

"मितेश मार," तो म्हणाला. "मितेश मढवी. त्याचा बाप हाय मी."

शिवानं टाकलं. आता मशीननं पासवर्ड मागितला. शिवानं फोन लावला आणि मितेश जिन्यावरून धावत आला. पासवर्ड टाकताना त्यानं बटणांवर डावा हात आडवा धरला, आणि बाप शेजारीच उभा आहे हे ध्यानात येऊन तो हात काढायला लागला.

"ऱ्हाऊ दे," गोटीराम म्हणाला, आणि गेट वर जाईपर्यंत विहिरीच्या दिशेला तोंड करून उभा राहिला.